गर्दी मोजा, शब्द मोजू नका

‘सुरक्षेच्या कारणास्तव’ हे शब्द ऐकले की हल्ली माझं टाळकं सटकतं. वयाचा परिणाम म्हणा हवं तर. पण पस्तीस वर्षं मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं आहे. ‘कलम १९ मधील स्वातंत्र्ये लिहा’ हा प्रश्न किती वेळा फळ्यावर लिहिला आणि त्याच्या उत्तराला पाचपैकी साडेतीन गुण किती वेळा दिले, याची गणती नाही. त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. आजचं लिखाण जरा तिखट होणार आहे. ज्यांना भाषण नको असेल त्यांनी भोगीच्या भाजीवरचं मागचं टिपण वाचावं :-)

विषय असा की लक्ष्मी रस्त्यासारख्या गजबजलेल्या बाजाररस्त्यावर माणसांनी फलक घेऊन उभं राहावं का? चार शब्द बोलावेत का? पत्रकं वाटावीत का? आमच्या कुटुंबातच यावर दोन तट पडले आहेत. लंडनचा भाचा फोनवर म्हणाला, "अगं मावशी, बाजारात लोक खरेदीला येतात. त्यांना कशाला त्रास? सरकारने मैदान नेमून दिलंय ना?" धाकट्या जावेचंही तेच मत. तिला दिवाळीत तुळशीबागेत जाऊन दोन तास चेंगरून घ्यायचं असतं, तिथे अकरा म्हातारे फलक घेऊन उभे राहिले तर मात्र रस्ता अडतो!

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की बाबा रे, तू ज्या शहरात राहतोस तिथल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला मार्बल आर्च आहे, आणि त्याला लागून हाइड पार्कातला ‘स्पीकर्स कॉर्नर’. जगप्रसिद्ध खरेदीचा रस्ता आणि जगप्रसिद्ध बोलण्याची जागा एकमेकांच्या शेजारी. लोकांनी तिथे सभा भरवल्या, सरकारने अडवल्या, झटापटी झाल्या आणि शेवटी १८७२ च्या उद्यानांच्या कायद्याने त्या बोलण्याला वाट मिळाली. गावाबाहेरच्या माळावर ती जागा दिली असती तर आज तिचं नाव कुणाला ठाऊक असतं?

तर आता आमची गोष्ट. २०२३ साली शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढे आणला, हे तुमच्यापैकी शिक्षकी पेशातल्या लोकांना आठवत असेल. वाडीवरची शाळा बंद करायची आणि मुलांना गाडीत घालून लांबच्या मोठ्या शाळेत न्यायचं. ज्यांनी अशा शाळांवर उमेदीची वर्षं काढली, त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल ते मी लिहीत नाही. आम्ही अकरा निवृत्त शिक्षकांनी ठरवलं, की दिवाळीच्या आधी एक संध्याकाळ बाजारातल्या एका चौकात फलक धरून तासभर उभं राहायचं. घोषणा नाहीत, ध्वनिक्षेपक नाही, कुणाला अडवायचं नाही. बाजारच का, तर दिवाळीत मुलांचे कपडे घ्यायला आईबाप तिथे येतात. ज्यांना सांगायचं ते जिथे असतील तिथे जाऊन सांगावं, एवढी साधी अक्कल कुठल्याही फेरीवाल्याला असते.

रीतसर अर्ज केला. (आमच्यातल्या एका मुख्याध्यापकांनी तो तीनदा शुद्धलेखन तपासून लिहिला.) एका कचेरीत गेलो. कोणती ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. टेबलामागचे गृहस्थ सभ्य होते, बसा म्हणाले, पाणी दिलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फलकांवर काय लिहिणार?"

किती जण, कुठल्या बाजूला उभे राहणार, किती वेळ, पदपथावर की रस्त्यावर, हे काही त्यांनी विचारलं नाही. आम्ही मजकुराची यादी दिली. त्यांनी ती वाचली आणि ‘शाळा बंद झाली तर मुलांनी जायचं कुठे?’ या ओळीभोवती पेनाने गोल केला. म्हणाले, "यात शासनाविरुद्ध रोख दिसतो." मी म्हटलं, "अहो, शाळा शासनाची, बंद करणार शासन, मग रोख काय वाण्याविरुद्ध असणार?" ते हसले. दहा दिवसांनी तोंडी उत्तर मिळालं, की सणाची गर्दी आहे, सुरक्षेच्या कारणास्तव परवानगी देता येत नाही. लेखी द्या म्हटलं तर, "बाई, तुम्ही शिकलेली माणसं, समजून घ्या." आणि शहराच्या कडेचं एक मैदान सुचवण्यात आलं. गेलो बापडे. आमचे फलक आम्हीच वाचले आणि रिक्षा करून घरी आलो.

त्याच बाजारात त्याच आठवड्यात एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाची कमान दोन खांबांवर उभी होती, तिच्याखालून माणसं वाकून चालली होती. एका दुकानाच्या उद्घाटनाला मोठमोठे कर्णे लावून ‘भव्य सेल’चा गजर चालला होता आणि खाली शंभरेक माणसं नळीतल्या पाण्यासारखी तुंबली होती. त्या कर्ण्यावर काय बोलणार, हे कुणी आधी लिहून घेतलं होतं की नाही, देव जाणे.

माझं भांडण नेमकं इथे आहे. सुरक्षेशी माझं भांडण नाही. पंचाहत्तरी ओलांडली, गुडघ्यात वाटी बसवलेली आहे. गर्दीत धक्का लागला तर माझ्याइतकं नुकसान कुणाचंच होणार नाही. पण सुरक्षा ही मोजण्याची गोष्ट आहे. रस्त्याची रुंदी, माणसांची संख्या, उभं राहण्याचा वेळ, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचा बंब जायला वाट, एवढ्या गोष्टी मोजल्या की उत्तर निघतं. माणसं अर्धा मीटर अंतर धरून एका रांगेत उभी केली तर आमची अकरा जणांची रांग सहा मीटरही भरत नाही. दोन रिक्षा एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा लागते तेवढी. हे गणित पाचवीतल्या मुलाला येतं. ते कुणी केलंच नाही. फलकावरचे शब्द मोजले, आणि निकाल मात्र गर्दीच्या नावावर लावला!

गर्दी खरोखर जीव घेते, हे मी हलक्यात घेत नाही. २९ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियाच्या सोल शहरात इटेवॉन भागातल्या एका उताराच्या गल्लीत दीडशेहून अधिक माणसं गेली, बहुतेक तरुण. गल्ली जेमतेम चार मीटर रुंद. तिथे सभा नव्हती, घोषणा नव्हत्या, हॅलोविनच्या मौजेला आलेली पोरं होती. माणसं पायाखाली तुडवून मरतात असं आपण समजतो. पण अशा गर्दीत माणूस बहुतेकदा उभ्या उभ्या किंवा एकमेकांवर दाबला जाऊन मरतो, कारण श्वास घ्यायला छाती फुगत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांच्या पुढे गेलं, की आपलं शरीर आपल्या ताब्यात राहत नाही, गर्दी नेईल तिकडे जातं. इटेवॉनमध्ये संध्याकाळी ६:३४ ला पहिला फोन गेला होता, की इथे चेंगराचेंगरी होईल. पुढे आणखी फोन गेले. माणसं मेली ती रात्री दहानंतर. आणि त्या दिवशी सोलच्या पोलिसांचं मोठं बळ शहरात इतरत्र चाललेल्या निदर्शनांच्या बंदोबस्तात गुंतलं होतं. बोलणाऱ्यांवर नजर ठेवण्यात पोलीस दंग, आणि गल्लीतली माणसं मोजायला कुणी नाही!

आपल्याकडेही २०२५ सालात हेच झालं. ४ जूनला बंगळुरूला क्रिकेटच्या विजयाचा जल्लोष, चिन्नास्वामी मैदानाबाहेर ११ जण गेले. २७ सप्टेंबरला तमिळनाडूत करूर इथे एका नटाच्या राजकीय सभेत ४१ जण गेले. ती सभा रस्त्यावरच होती. म्हणजे बोलण्याच्या कार्यक्रमात माणसं मरत नाहीत असं मी म्हणत नाही. मरतात. पण करूरला माणसं मेली ती गर्दीच्या आकड्याने आणि नेता तासन्‌तास उशिरा आल्याने. भाषणातल्या मजकुराने कुणी गुदमरलं नाही. बंगळुरूला तर भाषणाचा प्रश्नच नव्हता. दोन्ही ठिकाणी लागू पडणारा नियम एकच आहे: किती माणसं, किती जागा, किती वेळ.

आणि बॉम्बचं म्हणाल तर तेही पुण्याला माहीत आहे. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर, भर बाजारात, संध्याकाळी एकामागून एक कमी तीव्रतेचे स्फोट झाले. नशिबाने प्राणहानी झाली नाही. त्याआधी १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत १७ जणांचे प्राण गेले. मुंबईच्या झवेरी बाजाराने तर १९९३, २००३ आणि २०११ असे तीनदा भोगलं. या सगळ्यांत बॉम्ब ठेवणारा अर्ज घेऊन कचेरीत आला होता का? तीन प्रतींत? फलकाच्या मजकुरासह? जो माणूस आधी नाव-गाव-फोन नंबर लिहून देतो, तो त्या रस्त्यावरचा सगळ्यात निर्धोक माणूस असतो. पण अडवायला सोपाही तोच.

कायद्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण कायद्यात फार शिरलं तर निम्मी मंडळी उठून जातील. घटनेच्या कलम १९ मध्ये भाषणाचं स्वातंत्र्य आहे, आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचंही आहे. दोन्हींना वाजवी मर्यादा आहेत. त्या मर्यादांची यादी कलमातच दिली आहे. भाषणाच्या यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. ‘शासनाविरुद्ध रोख’ हा शब्द मात्र त्या यादीत तेव्हाही नव्हता, आजही नाही. मी यादी पाठ करून घेत असे, त्यामुळे खात्रीने सांगते.

आपल्या राज्यात पोलिसांच्या हातात जो कायदा आहे तो १९५१ चा, पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम. त्याच्या कलम ३७ खाली पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला मनाई करता येते, एका वेळी पंधरा दिवस. अनेक शहरांत असे आदेश पंधरवड्यामागून पंधरवडा निघतच असतात, एकादशीसारखे. हाच कायदा तेव्हा गुजरातेतही लागू होता. अहमदाबादेत पंचकुवा दरवाजाजवळ सभा घ्यायला हिंमतलाल शाह नावाच्या गृहस्थांना परवानगी नाकारली गेली. हा पंचकुवाचा भागही बाजाराचाच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेलं. १९७२ साली निकाल लागला, की रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येईल, परवानगी घ्यायला लावता येईल, पण परवानगी कशासाठी नाकारायची याचं काहीच माप न देता सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकणार नाही. तो नियम रद्द झाला. आज त्याला पन्नास वर्षं उलटून गेली, आणि आम्हाला मिळालेलं उत्तर तोंडी!

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. दिल्लीच्या शाहीन बागेत डिसेंबर २०१९ पासून मार्च २०२० पर्यंत रस्ता अडवून आंदोलन चाललं. त्या रस्त्यावर दुकानांची रांग होती, ती तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सार्वजनिक रस्ता असा बेमुदत व्यापता येणार नाही. मला हे पटतं. त्या बायकांच्या धैर्याबद्दल आदर ठेवूनही पटतं. रोजंदारीवर दुकानात उभ्या राहणाऱ्या पोराचे तीन महिन्यांचे पगार कुठल्याही तत्त्वाच्या नावाने घेऊ नयेत. पण त्याच निकालात निदर्शनं नेमून दिलेल्या जागीच व्हावीत असाही सूर आहे, तो मला मुळीच पटत नाही. तीन महिने रस्ता अडवणं आणि एक तास पदपथाच्या कडेला उभं राहणं, या दोन्हींना एकच औषध कसं? उद्या म्हणाल, पूर येतो म्हणून पाणी पिऊ नका.

आता दुकानदार. यांचं म्हणणं मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्यात माझे विद्यार्थी आहेत. एकाचं साडीचं दुकान आहे. आमचा अर्ज गेल्याचं कळल्यावर तो घरी आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण दिवाळीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे आमचं अर्धं वर्ष. एक संध्याकाळ गेली की पोरांचा बोनस गेला. तुमच्या मागे उद्या दुसरे येतील, परवा तिसरे. मी कुणाकुणाला हात जोडू?"

खोटं नाही बोलला तो. रोज एक गट येऊन उभा राहिला तर बाजार बसेल. म्हणून पाळी ठरवा. एका चौकात एका दिवशी एकच गट, तासाभरासाठी. दुकानाच्या दारासमोर कुणी उभं राहायचं नाही. दिवाळीच्या आधीचे दोन दिवस कुणालाच नको, आम्हालाही नको आणि सत्ताधारी पक्षाच्या फराळ वाटपालाही नको. माझी अट एवढीच, की जे आम्हाला नाही ते त्यांनाही नाही. मी हे सांगितल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "बाई, त्यांना नाही कोण म्हणणार?" तो हे अगदी सहज बोलून गेला आणि चहा पिऊ लागला. म्हणजे दुकानदारालाही पक्कं ठाऊक आहे, की इथे गर्दीचा प्रश्न नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं त्याला म्हटलं जातं.

गणपतीच्या मिरवणुकीचं उदाहरण दिलं की काही नातलग रागावतात, तरी देणार. मी स्वतः लहानपणापासून बेलबाग चौकात उभी राहून मानाचे पाच गणपती पाहिले आहेत. मिरवणूक बंद करा असं कुणी म्हणालं तर सगळ्यात आधी मी भांडेन. पण लक्ष्मी रस्ता त्या वेळी तीस तासांच्या आसपास गच्च भरलेला असतो, आणि शहर ते निभावून नेतं. पोलीस रात्रंदिवस उभे असतात, गल्ल्या बंद करतात, रुग्णवाहिका आली की ढोल-ताशाची पथकं कडेला होऊन वाट देतात. फार सुंदर दृश्य असतं ते. ११ डिसेंबरला २०२१ पासून महापालिका पादचारी दिन करते, तेव्हाही याच रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद करून लोकांना चालायला दिला. म्हणजे रस्ता मोकळा करता येतो, माणसं सांभाळता येतात, मनात असलं की सगळं येतं. जे शहर लाखोंची मिरवणूक सांभाळतं, त्याला अकरा पेन्शनरांचा धोका वाटावा?

आणि हाच रस्ता, हीच पेठ! लक्ष्मी रस्त्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर बुधवार पेठेत भिडे वाडा होता. तिथे १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला जात तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि दगड टाकत, हे आपण पहिलीपासून ऐकतो. आता कल्पना करा, की त्या काळी कुणी ‘सुरक्षेच्या कारणास्तव’वाला अधिकारी असता. त्याने काय केलं असतं? शेण टाकणाऱ्याला धरलं असतं की "बाई, वातावरण तापलंय, उद्यापासून या रस्त्याने येऊ नका" असं सावित्रीबाईंना सांगितलं असतं? आज नेमकं हेच होतं. कुणी तरी दम देतं, की हे बोलाल तर आम्ही गोंधळ घालू. मग परवानगी नाकारली जाते ती बोलणाऱ्याची. दम देणारा घरी जाऊन जेवतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे, की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे वाकून अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दडपता येणार नाही, तसं करणं म्हणजे धमकी देणाऱ्यांना शरण जाणं. पण निकाल दिल्लीत राहतात, टेबल आपल्या गावात असतं.

आंदोलनवाल्यांनीही फार खूश होऊ नये. त्यांच्यासाठीही माझी छडी तयार आहे. एक तर तो ध्वनिक्षेपक. बाजारपेठेत दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे, ती कुणी पाळत नाही. माझ्या मते बाजाररस्त्यावरच्या निदर्शनांत ध्वनिक्षेपक नकोच. बोलणं माझा हक्क आहे, तुमच्या कानात ओरडणं नाही. दुकानाच्या काचा फोडणारे, बसवर दगड मारणारे, शटर पाडायला लावणारे यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ‘बंद’च्या दिवशी दंडुके घेऊन फिरणारी टोळी ही भाषणस्वातंत्र्य वापरत नसते, दुकानदाराचं स्वातंत्र्य हिसकावत असते. आणि गंमत बघा, त्यांना कुणी फलकाचा मजकूर विचारत नाही!

मोठ्या जमावाचंही तसंच. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मुंबईत आझाद मैदानावर आरक्षणाचं आंदोलन झालं. परवानगी पाच हजार माणसांची आणि एका दिवसाची होती, प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट लोक आले आणि सीएसएमटीच्या भोवतालचे रस्ते भरून गेले. उच्च न्यायालयाला रस्ते मोकळे करा असं सांगावं लागलं. मागणी रास्त की गैर हा इथला विषय नाही, त्यावर आमच्या घरातच चार मतं आहेत. पण त्यातून सगळ्या महाराष्ट्राने जो धडा घेतला तो वाईट आहे. हजारोंनी या, मंत्री भेटायला येतील. अकरा जण अर्ज घेऊन या, पेनाने गोल करतील. नियम पाळणाऱ्या लहान गटाला नकार आणि नियम मोडणाऱ्या मोठ्या गटाशी वाटाघाटी, असं चाललं तर उद्या लहान गटही मोठा आणि दांडगा व्हायला बघेल. यात सुरक्षा कोणाची वाढली?

आपल्याच शहराने एकदा हे चांगलं जमवून दाखवलं होतं. ७ ऑक्टोबर १९०५ ला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तरुण सावरकर आणि लोकमान्य टिळक दोघांचीही नावं तिच्याशी जोडलेली आहेत. कपडे गाडीवर रचून मिरवणुकीने गावातून नेले, म्हणजे ज्यांना ते सांगायचं होतं त्या लोकांच्या डोळ्यांसमोरून. पेटवले मात्र लकडी पुलापलीकडे, मोकळ्या जागी. भर पेठेत, लाकडी वाड्यांच्या दाटीत आग लावली नाही. बोलायचं ते वस्तीतून, धोक्याचं ते वस्तीबाहेर. (सावरकरांना पुढे फर्गसन कॉलेजने दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं, तो भाग वेगळा. तिथेही सुरक्षेपेक्षा ‘रोख’च नडला.) मैदान नेमून द्यायचं असेल तर ते आगीला द्या, पाच हजारांच्या जमावाला द्या. फलकाला कशाला?

मागणं फार मोठं नाही. परवानगीच्या अर्जात मजकुराचा रकाना असूच नये. हिंसेला चिथावणी दिली तर त्यासाठी कायदा आहे, गुन्हा नोंदवा, पण बोलल्यानंतर. माणसांची संख्या, जागा, वेळ आणि वाट मोकळी ठेवण्याची व्यवस्था एवढं लिहून घ्यावं. ठरावीक संख्येच्या आतला गट असेल, समजा पंचवीस, तर परवानगी नव्हे, नुसती सूचना पुरे व्हावी. नकार द्यायचा असेल तर लेखी, कारणासह, आणि त्याच जागी त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला परवानगी दिली असेल तर त्याचाही उल्लेख करून. पर्यायी जागा सुचवायची तर जिथे माणसं असतात अशी सुचवावी. पोलिसांचं काम यामुळे कमीच होईल. शब्द वाचण्यात जाणारा वेळ गर्दी बघण्यात घालवता येईल. त्यांचेही हाल मला दिसतात, सणासुदीला बारा-बारा तास चौकात उभ्या असलेल्या मुली बघून पोटात कालवतं.

समूह शाळांचा विषय मेलेला नाही. पटाचं कारण पुढे करून शाळा बंद करण्याची भाषा दर वर्षी नव्या नावाने येते. म्हणून पुढच्या महिन्यात आम्ही त्याच चौकासाठी पुन्हा अर्ज देतो आहोत. या वेळी दिवाळी नाही, परीक्षा नाहीत, कामाचा साधा दिवस, दुपारी चार ते पाच. अर्जासोबत चौकाचा हाताने काढलेला नकाशा जोडला आहे. पदपथाची रुंदी आमच्यातल्या गणिताच्या सरांनी टेप घेऊन स्वतः मोजली. मजकुराच्या जागी ‘लागू नाही’ असं लिहिलं आहे. नकार आला तर लेखी मागणार, आणि लेखी मिळाला तर तो माहितीच्या अधिकारातल्या अर्जाला जोडून त्या दिवशीच्या बाकीच्या परवानग्या मागणार.

पुण्यातल्या नातलगांपैकी कुणाला यायचं असेल तर या, पण आधी कळवा. अकरातले दोघं आता राहिले नाहीत, तेव्हा दोन जागा आहेत. तिसरा आला तर नकाशा बदलावा लागेल.